वास्कोची गोदी, गस्तनौका आणि एक संशोधन जहाज: दोन दिवसांची भेट

खाडीकाठ

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात वास्कोला जाऊन आले. २०२५ चा दसरा. माझा भाचा गोवा शिपयार्डमध्ये वेल्डर आहे. त्याच्या खात्यातल्या माणसांच्या घरच्यांना आत नेऊन काम दाखवणार होते, आणि त्याने आईच्या जोडीला माझंही नाव दिलं होतं. मी कुडाळकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मोबाइल दारावरच जमा करावे लागतात, त्यामुळे फोटो एकही नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते.

जहाज आपण नेहमी पाण्याच्या वरचं बघतो. गोदीत ते जमिनीवर उभं असतं आणि आपण त्याच्या पोटाखालून चालतो. मला तर तिथून हलावंसंच वाटेना. डोक्यावर पोलादाचा प्रचंड फुगीर पोटवळा, पुढे नाळेखाली पाण्यात राहणारा गोलसर फुगा, मागे माणसाहून उंच पंखे. मध्येच ओळीने लावलेले करड्या धातूचे ठोकळे. मी भाच्याला विचारलं तर म्हणाला, जस्त. खारं पाणी आधी जस्त खातं, तोवर पोलाद वाचतं. हाच धडा मी दरवर्षी नववीला खिळा आणि जस्ताची पट्टी घेऊन शिकवते. त्याच्यावर आख्खं जहाज उभं असलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मग तो एका जोडापाशी घेऊन गेला. म्हणाला, "मावशे, जोड बरो की वाईट ता डोळ्यांनी कळणा नाय. ह्याचो एक्स-रे काढतत." आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर फिल्मवर दिसतो आणि तेवढा भाग खरवडून पुन्हा भरावा लागतो. जहाज सलग बांधत नाहीत. मोठमोठे ठोकळे वेगळे तयार करतात, त्यांतले पाइप आणि तारांचे मार्ग आधीच बसवतात आणि मग ठोकळे एकमेकांना जोडतात. काही ठोकळे उलटे ठेवलेले होते. छताकडे मान करून वेल्डिंग करण्यापेक्षा खाली बघून केलेला जोड चांगला येतो, म्हणून.

नौका पाण्यात सोडायची तऱ्हाही मला माहीत नव्हती. उतारावरून घसरत जाणारं जहाज चित्रांत पाहिलं होतं. इथे मात्र शिपलिफ्ट आहे. पाण्याच्या काठाला एक भलामोठा फलाट, दोन्ही बाजूंना ओळीने विंचेस, म्हणजे दोर गुंडाळणारी आणि सोडणारी यंत्रं. नौका रुळांवरच्या गाड्यांवरून त्या फलाटावर आणायची आणि सगळ्या विंचेसनी एका गतीने फलाट खाली पाण्यात सोडायचा. क्षमता ६००० टनांची. सगळं इतकं सावकाश चालतं म्हणे, की नौका तरंगायला कधी लागली ते बघणाऱ्याला कळत नाही. जलावतरणाच्या वेळी अथर्ववेदातली ऋचा म्हणतात, आणि जहाजाला पाण्यात सोडण्याचा मान स्त्रीचा असतो.

सगळ्यांची नजर साहजिकच ‘त्रिपुट’ आणि ‘तवस्य’ या फ्रिगेट्सकडे, म्हणजे मोठ्या युद्धनौकांकडे जाते. ‘त्रिपुट’ जुलै २०२४ मध्ये पाण्यात गेली, ‘तवस्य’ मार्च २०२५ मध्ये. मला मात्र लहान नौकांनी धरून ठेवलं. तटरक्षक दलासाठी ८ वेगवान गस्तनौकांची मालिका चालू आहे. लांबी ५२ मीटर, वजन साधारण ३२० टन, वेग २७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर. पहिली ‘अदम्य’ सप्टेंबरातच पारादीपला सेवेत दाखल झाली. हिच्या पंख्याची पाती स्वतःभोवती वळतात. म्हणजे दांडा त्याच दिशेने फिरत राहतो, फक्त पात्यांचा कोन बदलायचा, की नौका पुढची मागे येते. असा पंखा आणि त्याचा गिअरबॉक्स या वर्गाच्या नौकांसाठी पहिल्यांदाच देशात बनला, तो या मालिकेसाठी. भाचा हे सांगत होता तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

दुसऱ्या दिवशी मुरगाव बंदर. माझी एक जुनी विद्यार्थिनी दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करते. तिने परवानगी काढून ‘सिंधु साधना’ दाखवली. हे संस्थेचं ८० मीटरचं जहाज, २०१४ पासून सेवेत आहे, सुरतेत बांधलेलं. गस्तनौकेतून इथे आलं की फरक अंगाला जाणवतो. मागचा डेक मोकळा, त्यावर मोठी कमान, कमानीवरून दोर. प्रयोगशाळा, फ्रीजर, नमुने ठेवायच्या पेट्या. एका गोल चौकटीत नळकांड्यांसारख्या बाटल्या उभ्या लावलेल्या. ती चौकट दोराने खाली सोडतात. जाताना ती खारटपणा, तापमान आणि खोली मोजत जाते, आणि वर येताना ठरवलेल्या खोलीला एकेक बाटली मिटते.

"बाई, आम्हाला सगळ्यात जास्त त्रास आपल्याच जहाजाचा," असं ती म्हणाली. तळ मोजायचा तो आवाजाने. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. चार किलोमीटर खोल तळाला जाऊन परत यायला पाच सेकंदांहून थोडं जास्त. इतक्या लांबून आलेलं ते क्षीण उत्तर आपल्या इंजिनाच्या धडधडीत बुडता कामा नये. म्हणून संशोधन जहाजात यंत्रं शक्यतो थेट पोलादावर बसवत नाहीत, मध्ये धक्के शोषणारी बैठक देतात. बुडाखाली हवेचे बुडबुडे येणार नाहीत असा आकार लागतो. वारा आणि प्रवाह असतानाही एका जागी थांबता यावं लागतं.

गस्तनौका लांब जाऊन टिकून राहण्यासाठी बांधायची आणि संशोधन जहाज गप्प राहण्यासाठी. तोफा आणि क्षेपणास्त्रांच्या बातम्या आपण आवडीने वाचतो. या दोन प्रकारच्या जहाजांबद्दल मराठीत फार थोडं वाचायला मिळतं, आणि आपल्या किनाऱ्याचा रोजचा संबंध यांच्याशीच आहे. म्हणून हा धागा. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला.

झुआरीकाठचो

बाई, वाचून बरं वाटलं. माझे वडील खनिजाच्या बार्जवर, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नौकेवर होते. ही गोदीच मुळी त्या बार्जसाठी सुरू झाली. १९५७, पोर्तुगीज काळ, नाव ‘एस्तालेरोस नावाइस दे गोवा’. वरच्या खाणींतलं खनिज मांडवी आणि झुआरीतून मुरगावला आणायला बार्ज लागायच्या, त्या बांधायच्या आणि दुरुस्त करायच्या. गोवा मुक्त झाल्यावर माझगाव डॉककडे गेली आणि १९६७ मध्ये आजचं नाव मिळालं. बार्जच्या जागी आता फ्रिगेट उभी राहते. आमच्या घरात या गोष्टीचं कौतुक अजून संपलेलं नाही.

मुरगाव बंदराचं आणखी एक. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला इथूनच निघाली. २१ जण, डॉ. सय्यद झहूर कासिम प्रमुख, जहाज भाड्याने घेतलेलं, ‘पोलर सर्कल’, नॉर्वेचं. ९ जानेवारी १९८२ ला पोचले. मी तेव्हा शाळेत होतो. माणसं कुठे गेली ते गावाला नंतर बातमीतून कळलं, कारण निघताना फारसा गाजावाजा केला नव्हता. आज सड्याच्या टेकडीवर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. वास्कोत येणारा प्रत्येक जण बायणा आणि बोगमाळो किनारा बघून जातो, सड्यावर कोणी चढत नाही.

मनस्वी

खूप छान लेख. जस्ताचे ठोकळे मुलाला दाखवायला हवेत.

एक प्रश्न. आपण विमानवाहू ‘विक्रांत’ कोचीत बांधली. मग ‘सागर कन्या’, ‘सागर निधी’ ही संशोधन जहाजं परदेशात का बांधून घेतली?

इंजिनरूम

मनस्वी, प्रश्न योग्य आहे. ‘सागर कन्या’ १९८३, जर्मनी. ‘सागर संपदा’ १९८४, डेन्मार्क. ‘सागर निधी’ इटली, ‘समुद्र रत्नाकर’ दक्षिण कोरिया. यादी लांब आहे. कारण असं की गस्तनौका एकाच नकाशावर पाच-सहा बांधता येतात. पहिलीत चुकलेलं तिसरीत सुधारतं आणि कामगाराचा हात बसतो. संशोधन जहाज बहुतेक वेळा एकच असतं. एका जहाजासाठी आवाज कमी करायची सगळी विद्या उभी करणं गोदीला परवडत नाही, म्हणून जिथे ती आधीच आहे तिथे काम जातं. आणि जिथे काम जातं तिथेच विद्या वाढते. हे चक्र कुणीतरी मुद्दाम तोडावं लागतं.

मात्र सुरुवात आपण घरातूनच केली होती हे विसरू नका. ‘गवेषणी’ हे जहाज १९७६ चं. गाळ वाहणाऱ्या बार्जचा सांगाडा घेऊन कोलकात्यात त्याचं संशोधन जहाज केलं होतं. २६ जानेवारी १९८१ ला त्याच ‘गवेषणी’ने समुद्रतळावरचे बहुधातू गोळे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले बटाट्यासारखे गोळे. त्यातून पुढे १९८७ मध्ये हिंदी महासागराच्या मध्यात दीड लाख चौरस किलोमीटरच्या क्षेत्रावर भारताला शोधाचा हक्क मिळाला. जुन्या बार्जने मिळवून दिलेला हक्क आहे हा.

मी ३१ वर्षं जहाजांच्या पोटात काढली, त्यामुळे गस्तनौकांबद्दल थोडं सविस्तर लिहितो. गोव्याने नौदलासाठी ‘सरयू’ वर्गाच्या चार बांधल्या: सरयू, सुनयना, सुमेधा, सुमित्रा. २०१३ आणि २०१४ मध्ये त्या सेवेत आल्या. १०५ मीटर लांब, हेलिकॉप्टर उतरायला जागा, डिझेल इंजिनं. वेग बेताचा. लोक विचारतात, युद्धनौका ३० नॉट जाते मग ही का नाही? कारण वेग थोडा वाढवला तरी इंधन कितीतरी पटींनी जळतं. गस्तनौकेने आठवडेच्या आठवडे बाहेर राहायचं, वाटेत डिझेल मागायला यायचं नाही. तिच्यावर माणसं, पाणी, भाजीपाला, सुटे भाग यांना जागा लागते. आणि हीच रिकामी जागा अडचणीत कामाला येते. २०१५ मध्ये येमेनमध्ये लढाई पेटली तेव्हा ‘सुमित्रा’ने एडनहून ३४९ लोकांना बाहेर काढलं. २०२३ मध्ये सुदानमधून आपल्या माणसांची पहिली तुकडी, २७८ जणांची, ‘सुमेधा’ने जेद्दाला नेली. दोन्ही वास्कोच्या गोदीत जन्मलेल्या.

आता पुढची पिढी. मार्च २०२३ मध्ये ११ नव्या गस्तनौकांचा करार झाला. त्यांपैकी ७ गोव्यात आणि ४ कोलकात्यात बांधायच्या.

खाडीकाठ, एक चाचणी तुम्हाला वर्गात करता येईल. जहाज तयार होत आलं की शांत पाण्यात डेकवर ठरावीक वजनं ठेवतात आणि ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवतात. आत लांब ओळंबा टांगलेला असतो. वजन सरकलं की ओळंबा किती हलला ते मोजायचं. त्यावरून जहाजाचा गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे ते काढतात. त्या वेळी जहाजावर कोणी इकडेतिकडे फिरायचं नाही, टाक्या अर्धवट भरलेल्या नकोत, दोर सैल सोडलेले. एवढं जहाज, शेकडो कोटींचं, आणि त्याचा तोल कळतो तो ओळंब्यावरून. मी अशा चाचण्यांना चार-पाच वेळा उभा होतो आणि दर वेळी श्वास रोखून होतो.

देवगडचो तांडेल

आमचा घरचा धंदा मासेमारीचा. मी स्वतः आता ट्रॉलरवर जात नाही, भाऊ जातो.

तटरक्षक दलाची पांढरी नौका, बाजूवर तिरका पट्टा, ही दिसली की समुद्रात कसं वाटतं ते सांगतो. एरवी कागद तपासायला येतात, ओळखपत्र बघतात, लाइफ जॅकेट मोजतात, कधी वैतागही येतो. पण २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ आलं तेव्हा केरळ आणि तामिळनाडूच्या ६८ बोटी भरकटत आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. ९५२ माणसं. देवगडच्या बंदरात त्यांची भाषा कुणाला येईना, त्यांना आमची येईना. आमच्या बायकांनी भात रांधला. त्यांना पेज हवी आहे हे खुणांनी कळलं. त्या दिवसांत आमच्या धक्क्यावरचा प्रत्येक माणूस क्षितिजाकडे पांढरी नौका शोधत होता.

दर्यात जाणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवा: तटरक्षक दलाचा मदतीचा फोन १५५४. आणि बोटीवर व्हीएचएफ, म्हणजे समुद्रात बोलायचा रेडिओ, असेल तर चॅनेल १६ उघडं ठेवा. कितीतरी बोटींवर सेट असतो आणि तो गाण्यांच्या आवाजात बंद पडलेला असतो.

संशोधनाबद्दल. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र माहिती केंद्राकडून मासे कुठे मिळतील याचा अंदाज येतो, बंदरावर फळ्यावर लिहितात, मोबाइलवरही येतो. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवं पाणी कुठे आहे ते बघून काढतात. आमचे म्हातारे पाण्याचा रंग आणि पक्षी बघून जायचे. दोन्हींचं म्हणणं पुष्कळदा एकच असतं. तेव्हा समुद्राच्या संशोधनाचा आमच्याशी संबंध आहे, हे बाईंनी बरोबर लिहिलंय.

आणि एक शब्द. बोटीच्या बुडाचा लांब कणा, तुम्ही लोक कील म्हणता, त्याला आमच्याकडे पठाण म्हणतात. बोटीचा पठाण ठेवला की पूजा होते, मगच पुढचं लाकूड लागतं.

खाडीकाठ

पठाण! हा शब्द मी आजोबांच्या तोंडून ऐकला होता आणि साफ विसरले होते. उद्याच फळ्यावर लिहिणार. नाळ, पठाण, सुकाणू, डोलकाठी, सगळे एका चित्रात.

इंजिनरूम, ओळंब्याची चाचणी पत्र्याचा ट्रे आणि घमेलं घेऊन करून बघते. कशी झाली ते कळवते.

गार्डनरीचकर

मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं कोलकात्यात आहे. आमची कंपनी पंप पुरवते, त्यामुळे गार्डन रीचच्या गोदीत जाणं होतं. मनस्वींच्या प्रश्नाचं ताजं उत्तर इथे आहे. गोव्याच्या ध्रुवीय केंद्रासाठी नवं महासागर संशोधन जहाज बांधायचा करार जुलै २०२४ मध्ये इथेच झाला, सुमारे ८४० कोटींचा. लांबी साधारण ९० मीटर. म्हणजे पुढे कधीतरी हुगळीतलं हे जहाज मुरगावला लागेल आणि झुआरीकाठचो त्याला बघायला जातील.

नौदलाच्या नव्या सर्वेक्षण नौका हाही जवळचाच विषय. ‘संधायक’ फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणमला दाखल झाली, त्याच वर्षी डिसेंबरात ‘निर्देशक’. तिसरी ‘इक्षक’, चौथी ‘संशोधक’. ११० मीटर लांब, ३४०० टनांच्या आसपास. ‘संधायक’ कोलकात्यात बांधली, बाकी तिघींचं जलावतरण तामिळनाडूत कट्टुपल्लीला झालं. या नौका समुद्राचे नकाशे करतात. बुडाला बहुकिरणी ध्वनियंत्र, पोटात चार लहान सर्वेक्षण बोटी आणि स्वतःच्या बुद्धीने पाण्याखाली हिंडणारं यान. गरज पडली तर रुग्णालय म्हणूनही वापरता येतात. आधीच्या पिढीतल्या ‘दर्शक’ आणि ‘सर्वेक्षक’ वास्कोच्याच गोदीतल्या होत्या.

इथली एक गोष्ट गोव्याहून वेगळी. हुगळी ही नदी, गाळाने भरलेली, आणि भरती-ओहोटीचा जोर प्रचंड. जलावतरणाची वेळ भरती ठरवते. पाहुणे कितीही मोठे असोत, पंचांग भरतीचंच चालतं.

मनस्वी

उत्तरांबद्दल मनापासून आभार. बार्जवरून बहुधातू गोळ्यांपर्यंतची गोष्ट मला ठाऊकच नव्हती.

झुआरीकाठचो

बाईंच्या यादीत एक नौका राहिली. ‘समुद्र प्रताप’. गोदीतच होती तेव्हा. तटरक्षक दलाची प्रदूषण नियंत्रण नौका, ११४.५ मीटर, ऑगस्ट २०२४ मध्ये पाण्यात उतरली. तिच्या पाठची ‘समुद्र प्रचेत’ जुलै २०२५ मध्ये. सांडलेलं तेल पाण्यावरून गोळा करणं हे यांचं काम. बाजूंना लांब हात पसरतात, तेल त्यात अडवतात आणि ओढून टाकीत घेतात.

याची गरज किती ते मे २०२५ मध्ये कळलं. कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडाली, ६४० कंटेनर होते. सगळे २४ खलाशी वाचले. पण केरळच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचे बारीक दाणे पसरले, ते लोक हातांनी वेचत होते. मुंबईकरांना २०१० च्या ऑगस्टमधली ‘एमएससी चित्रा’ आणि तिचं सांडलेलं तेल आठवत असेल. तेल किनाऱ्याला लागल्यावर धावून उपयोग नसतो, ते समुद्रातच अडवावं लागतं.

देवगडचो तांडेल

खरं आहे. तेलाचा तवंग आला की जाळं वाया जातं आणि माशाला वास लागतो. घेणारा हात लावत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर डांबरगोळे वाळूवर येतात. ते कुठल्या जहाजाचे, हे कोणालाच सांगता येत नाही.

सह्याद्रीपायथा

सामान्य माणसाला हे बघायला कधी मिळतं? ओळख नसेल तर?

खाडीकाठ

गोदीत ओळखीशिवाय जाणं अवघड, आणि ते योग्यच आहे. पण ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास निवडक युद्धनौका लोकांना आणि शाळांना दाखवतात. वर्तमानपत्रात तारीख येते. दोनापावलची संस्था सीएसआयआरच्या, म्हणजे तिच्या मातृसंस्थेच्या, स्थापना दिनाला, म्हणजे २६ सप्टेंबरच्या सुमारास, शाळांना आत घेते. ओळखपत्र जवळ ठेवा. डेकवर बूट घसरणारे नकोत आणि शिड्या फार उभ्या असतात, आजीआजोबांना नेताना तेवढं बघा.

देवगडचो तांडेल

बाई, मुलांना खोली मोजायला शिकवायचं असेल तर आवाजाचं यंत्र नको. दोराला शिसं बांधा आणि प्रत्येक वावेला गाठ मारा. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं. शिशाच्या बुडाला खळगा करून त्यात साबण भरा. तळाची वाळू किंवा चिखल साबणाला चिकटून वर येतो. माझा चुलत आजा असा तळ बघून सांगायचा की आपण कुठल्या खडपासमोर आहोत.

खाडीकाठ

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. ओळंब्याची चाचणी घमेल्यात झाली, आकडा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला.

आणि मागच्या शनिवारी नववीच्या २२ जणांना दोन होड्यांतून कर्ली खाडीत नेलं, सगळ्यांना जॅकेट घालून. दोर, शिसं, साबण, तांडेलांनी सांगितलं तसंच. गाठी मारायला मुलींनी आधी फळ्यासमोर हात पसरून स्वतःची वाव मोजली, आणि प्रत्येकीची वेगळी आली, त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी होडीवाल्या काकांची वाव धरली. सात ठिकाणी खोली घेतली आणि आलेखाच्या कागदावर तळाची रेघ काढली. मधल्या भागात रेघ एकदम खाली जाते, तिथून होड्या जातात.

बहुतेक ठिकाणी साबणाला काळा चिखल लागून आला. पाचव्या ठिकाणी शिंपल्यांचा पांढरा चुरा आला. तो मुलांनी काड्यापेटीत भरून वर तारीख, वेळ आणि भरती की ओहोटी, असं लिहून ठेवलंय.